हिसाकोबाईंची रवी

क्षितिजा डब्लिनमधल्या ब्युमॉन्ट हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती, पण शेजारच्या हिसाकोबाई तिच्या पेशंट नव्हत्या. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे तिनं स्वतःला हीच सबब बरेच दिवस पुरवली.

हिसाकोबाई सत्तरी ओलांडलेल्या. आयरिश नवऱ्याबरोबर तरुणपणी जपानहून डब्लिनला आल्या, तो गेल्यावर त्याच घरात एकट्या राहिल्या. बोलणं अस्सल डब्लिनचं, दर वाक्याला ‘ग्रँड’. मुलगा कॅनडात. तो दर रविवारी फोन करून घर विकून इकडे ये म्हणायचा आणि त्या दर रविवारी विषय बदलायच्या. संधिवातानं बोटं वाकली होती, तरी रोज दुपारी त्या एक वाटीभर माचा करत. हिरव्या चहाची बारीक पूड, वर गरम पाणी, आणि बांबूच्या छोट्या रवीनं झपाझप घुसळायचं, वर दाट बारीक फेस येईपर्यंत.

“ज्या दिवशी फेस धरायचा बंद होईल ना, त्या दिवशी मुलाला हो म्हणेन,” असं त्या हसत सांगायच्या. त्या हसत असल्या तरी ही गंमत नाही, हे क्षितिजाला ठाऊक होतं. हाताला यापेक्षा चांगला व्यायाम कुठलाही फिजिओ देणार नाही, हेही तिनंच त्यांना सांगितलं होतं.

२००४ च्या हिवाळ्याच्या तोंडावर हिसाकोबाईंची रवी म्हातारी झाली. काड्या मोडून चहात तरंगायला लागल्या. क्षितिजा एका कोर्ससाठी लंडनला निघाली होती, तिथं जपानी सामानाचं दुकान होतं. बाईंनी तिला बसवून शिकवणी घेतली. काड्या मोजत बसू नकोस, शंभरच्या आसपास असल्या की झालं. पण सगळ्या सारख्या चिरलेल्या हव्यात आणि टोकं आत वळलेली. दोऱ्याची वीण घट्ट. बांबू फिका आणि हाताला कोरडा लागला पाहिजे. चकाकत असेल तर सरळ ठेवून दे, वरून काहीतरी फासलेलं असतं.

क्षितिजानं दुकानदाराला जेरीस आणलं. साडी घेताना पदर उलटासुलटा करून बघतात तशी एकेक रवी तिनं खिडकीशी नेऊन पाहिली. एकीचा दोरा सैल, दुसरी संशयास्पद गुळगुळीत. तिसरी पसंत पडली. प्लॅस्टिकच्या नळीत घातलेली ती रवी तिनं घरी आणली आणि ओट्यावर ठेवून दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेली.

घरी सासूबाई होत्या. प्रभाताई नागपूरहून पहिल्यांदाच आल्या होत्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्या फोडणीनं धुराचा अलार्म वाजला होता. गल्लीतली माणसं बाहेर आली, आणि सगळ्यांच्या देखत प्रभाताईंचा लेक, म्हणजे क्षितिजाचा नवरा गौरव, आईवर ओरडला. त्यानंतर त्या गॅस पेटवायलाही परवानगी मागू लागल्या. एकदा क्षितिजाला बाजूला घेऊन म्हणाल्या, “माझं तिकीट अलीकडचं होते का, बघ ना जरा.” ते ऐकून क्षितिजाला फार वाईट वाटलं होतं. तेव्हापासून आईंना कुणी एक अक्षर बोलायचं नाही, असा तिनं घरात कायदाच केला होता.

शनिवारी दोघी शेजारी गेल्या. प्रभाताईंनी रवी दोन्ही हातांनी दिली. बाईंनी ती उजेडात फिरवून पाहिली, क्षितिजाच्या निवडीचं कौतुक केलं, जुनी कचऱ्यात टाकली. नवी कोमट पाण्यात धरली, काड्या मऊ पडाव्यात म्हणून. मग घुसळायला बसल्या.

फेस आला नाही. दोनचार मोठे बुडबुडे आले आणि फुटले. बाईंनी पुन्हा पूड घेतली, पुन्हा पाणी ओतलं, मनगट दुखेपर्यंत घुसळलं. तरीही वाटीत नुसतं हिरवं पाणी. ते त्यांनी पाहुण्यांना दिलं नाही, सिंकमध्ये ओतलं, आणि साधा आयरिश चहा टाकला.

संध्याकाळी प्रभाताई डाळ शिजायला लावत होत्या. “छान होती हो रवी,” त्या म्हणाल्या. “पण कोरडीठक्क. चिरून जाते अशानं. म्हणून तू गेली तर मी तिला दिवसभर तेल पाजायला ठेवलं, आणि हाताला कोरडी लागेपर्यंत पुसून परत नळीत घातली. नवीन पोळपाट-लाटण्याला नाही का आपण पाजत?”

बोलता बोलता त्यांनी डाळीत तेलाचा थेंब सोडला, फेस उतू जाऊ नये म्हणून.

क्षितिजा त्या थेंबाकडे बघत राहिली. डाळीवरचा फेस मुकाट खाली बसला. रोज हेच तर ती स्वतःही करत होती. बाईंना तेलाचा वास यायला हवा होता, पण सर्दीनं त्यांचं नाक चोंदलेलं होतं.

“काय विचार करून राहिली?” प्रभाताईंनी विचारलं.

“काही नाही, आई.”

आता यात अवघड ते काय होतं? शेजारी जायचं, आमच्या आईंनी हौसेनं तेल लावलं म्हणायचं, दोघींनी हसायचं. पण आपल्याकडे खरं बोलण्याआधी माणूस ते कुणाकुणाला लागेल याचाच विचार करत बसतो, आणि त्यालाच समजूतदारपणा म्हणतो. गौरवच्या कानावर गेलं तर तो पुन्हा आवाज चढवेल, आई पुन्हा तिकिटाचं काढतील. त्यापेक्षा गुपचूप दुसरी रवी आणून द्यावी, असं तिनं ठरवलं.

“दुसरी मागवते मी,” ती पुढच्या शनिवारी बाईंना म्हणाली. “ही वाईट निघाली असेल.”

“छे, रवी ग्रँड आहे. मी नीट पाहिलीय,” बाई म्हणाल्या. “आठवडाभर रोज करून पाहिलं. रवीचा दोष नाही, माझा हात गेला.”

त्यांनी वाटी, पुडीचा डबा आणि रवी स्वयंपाकघराच्या प्रेसमध्ये, म्हणजे भिंतीतल्या कपाटात, मागच्या बाजूला ठेवली आणि दार लावलं. तेव्हाही क्षितिजाला बोलता आलं असतं. तिनं त्यांचा हात हातात घेऊन पाहिला. मनगट फिरत होतं, बोटं वळत होती. हात गेलेला नव्हता, आणि ते तिच्याइतकं छातीठोक सांगणारं त्या गल्लीत दुसरं कुणी नव्हतं.

“हात चांगला आहे तुमचा,” ती म्हणाली. “व्यायाम लिहून देते.”

“मन चांगलं आहे तुझं,” बाई म्हणाल्या. व्यायामाचा कागद त्यांनी फ्रिजवर लावला आणि एकदाही केला नाही. फेस धरणार नसेल तर मनगट हलवायचं कशासाठी, हे त्यांचं म्हणणं, आणि त्यांच्या बाजूनं ते बरोबरच होतं.

आई गेल्या की सांगू, असं क्षितिजानं मनाशी ठरवून टाकलं. नाताळ झाला, पावसाळी जानेवारी झाला. मुलाला हो म्हणणं बाई एकेक रविवार पुढे ढकलत होत्या. भिंतीपलीकडून दुपारचा तो झपझप आवाज येईनासा झाला होता आणि तिला त्याची सवयही झाली. त्या माझ्या पेशंट थोड्याच आहेत, असं ती म्हणायची. ओल्या हवेत बाईंची बोटं सुजत होती. दाराची किल्ली फिरवायला त्यांना वेळ लागायला लागला. ते क्षितिजाला दिसत होतं, पण आईंचं तिकीट आता जवळच आलं होतं.

एअरपोर्टवर गौरव ट्रॉली आणायला गेला, तेव्हा प्रभाताईंनी तिचा हात धरला.

“एक विचारायचं होतं. हिसाकोबाईंच्या रवीला फेस आला नाही, तो माझ्या तेलानं का? परवा डाळीत तेल टाकताना मनात आलं.”

क्षितिजाला खोटं बोलवलं नाही. तिनं मान हलवली.

“मग सांगितलं का नाही? मी जाऊन कान धरून माफी मागितली असती बाईची. त्यात काय एवढं? पोराचं ओरडणं वेगळं. त्यानं चारचौघांत अपमान केला. तू हळूच सांगितलं असतं तर मला काय राग आला असता?”

क्षितिजाला स्वतःची विलक्षण चीड आली. घरी पोचल्या पोचल्या तिनं लंडनच्या दुकानाला फोन करून नवी रवी मागवली. रवी आली त्याच दुपारी क्षितिजा शेजारी गेली, आणि बाईंना सगळं सांगितलं. तेल, डाळ, आई, स्वतःचं गप्प बसणं, काहीही वगळलं नाही.

हिसाकोबाई आधी हसल्या. खूप हसल्या. मग लगबगीनं उठल्या, प्रेसमधून वाटी काढली, पाणी तापवलं. नवी रवी कोमट पाण्यात धरली. त्या लहान मुलीसारख्या आनंदल्या होत्या, आणि क्षितिजाला वाटलं, सुटले.

त्यांनी रवी उचलली. अंगठा पूर्वीसारखा आत वळेना. दोन्ही बाजूंनी रेटून त्यांनी ती कशीबशी धरली आणि घुसळायला लागल्या, पण मनगट अडत होतं. रवी वाटीच्या कडेवर आपटली, निसटली. त्यांनी पुन्हा उचलली, पुन्हा निसटली. तिसऱ्यांदा त्यांनी ती उचलली नाही.

क्षितिजानं काय झालंय ते हात न लावताच ओळखलं. हे तिचं रोजचं काम होतं.

“खरं सांग,” बाई म्हणाल्या. “त्याच दिवशी तू सांगितलं असतंस आणि मी रोज घुसळत राहिले असते, तर आज चालला असता हा हात?”

असे प्रश्न पेशंट विचारतातच, आणि त्यांची मऊ उत्तरं तिला तोंडपाठ होती. त्यातलं एकही तिनं दिलं नाही.

“हो. बहुतेक चालला असता.”

बाईंनी मान डोलावली. त्या रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. रागावल्या असत्या तर क्षितिजाला बरं वाटलं असतं, आणि तसं आपल्याला वाटतंय याचीही तिला लाज वाटली. मग बाईंनी टेबलावरचा फोन तिच्याकडे सरकवला.

“बटणं फार लहान आहेत याची, मला दाबता येत नाहीत,” त्या म्हणाल्या. “मुलाचा नंबर लावून दे.”

क्षितिजानं नंबर लावून दिला.