बारा पेरं

आमच्या नर्सिंग कॉलेजात पाठीमागे सगळ्या मला ‘पेरं मॅडम’ म्हणतात. मला ते ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे मुलींनाही ठाऊक आहे. चार बोटांची बारा पेरं, वर्षाचे बारा महिने, आणि प्रत्येक पेरावर त्या त्या महिन्याचे आजार, अशी ही माझी युक्ती. करंगळीच्या तीन पेरांवर थंडीतले फ्लू, गोवर, कांजिण्या. शेजारच्या बोटावर उन्हाळ्यातले जुलाब आणि कावीळ. मधल्या बोटावर आणि तर्जनीच्या पहिल्या पेरावर पावसाळी ताप, म्हणजे मलेरिया आणि डेंग्यू. अंगठा पेरांवरून सरकवायचा आणि धडाधड उत्तर द्यायचं. बावीस वर्षांत माझी एकही मुलगी या प्रश्नात अडखळली नाही. याचा मला गर्व होता, आणि तो लपवायची मला सवय नव्हती.

या वर्षी अभ्यासक्रमात नवा धडा आला, ‘हवामान बदल आणि संसर्गजन्य रोग’. आधीच तास पुरत नाहीत, त्यात हे. वरचे लोक खुर्चीत बसून धडे वाढवतात आणि घसा आमचा बसतो, अशी कुरकुर करत मी तो जानेवारीतल्या एका मंगळवारी उरकला. थंडी कमी होत चालली आहे, डास आता वर्षभर जगतात, जे ताप ज्या महिन्यांत कधी नव्हते त्या महिन्यांत आता दिसायला लागलेत, असं सगळं नीट वाचून दाखवलं. फळ्यावर नकाशाही काढला. नकाशे मला चांगले जमतात. शेवटच्या बाकावरच्या चष्मेवालीने विचारलं, की मग पेरांचं काय करायचं? मी म्हटलं, “पेरं परीक्षेला, धडा माहितीला.” वर्ग हसला, मीही हसले आणि तास संपला.

त्याच दुपारी मी डबा खात असताना धाकट्या भावाचा फोन आला. भाऊ कूलर आणि फ्रिज दुरुस्त करतो. घरात कुणाला काही झालं तर डॉक्टर नंतर, आधी ताई, असा त्याच्या घराचा रिवाजच होता. सकाळी कणकण होती, आता सडकून ताप आहे, डोळ्यांच्या मागे ठणकतंय आणि सगळं अंग मोडून आलंय, असं तो सांगत होता. हीच लक्षणं त्याने जुलैत सांगितली असती, तर मी त्याला उभ्या उभ्या रक्त तपासायला पाठवलं असतं. पण महिना जानेवारी होता. बोलता बोलता माझा अंगठा आपोआप करंगळीवर गेला, इतकी ती सवय अंगात मुरली आहे.

त्यानेच विचारलं, “ताई, डेंग्यू वगैरे नसेल ना गं?”

“या दिवसांत कुठला आलाय डेंग्यू? फ्लू आहे. गप पडून राहा,” मी म्हटलं.

अंगदुखीवर कुठली गोळी घ्यायची तेही मी सांगितलं. दिवसातून तीनदा, जेवणानंतर. डेंग्यूच्या पेशंटला ती गोळी चुकूनही द्यायची नाही, रक्तस्राव वाढतो, हे मी दर वर्षी लाल खडूने फळ्यावर लिहिते. मग थोड्या गप्पा झाल्या. यंदा थंडी पडलीच नाही, लोकांचे कूलर अजून चालूच आहेत, त्या साठलेल्या पाण्यात हात घालून घालून वैतागलोय, असं तो म्हणाला. मी त्याला चिडवलं की धंदा जोरात दिसतोय, जरा बहिणीचीही आठवण ठेव. दोन तासांपूर्वी वर्गात मी हेच तर शिकवलं होतं. ते माझ्याच भावाच्या तोंडून आलं आणि माझ्या कानांवरून गेलं.

तिसऱ्या दिवशीही ताप हटेना, म्हणून तो घराजवळच्या आरोग्य केंद्रात गेला. तिथली सिस्टर माझी जुनी विद्यार्थिनी, तिच्या वर्षात पहिली आलेली. त्याला बघताच तिने तपासणीचं किट काढलं, त्याचं बोट पुसलं, आणि आता टोचणार एवढ्यात तिच्या कॉलेजचं नाव निघालं आणि भावाने कौतुकाने सांगितलं की तुमच्या पेरं मॅडम म्हणजे माझी सख्खी बहीण, आणि ती म्हणते हा फ्लू आहे. ती थांबली. तिने अंगठा पेरांवरून फिरवला, स्वतःशीच हसली आणि किट खोक्यात परत ठेवलं. हे सगळं भावानेच मला फोनवर रंगवून सांगितलं. काय वजन आहे गं तुझं, म्हणाला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

पाचव्या दिवशी सकाळी तो बाथरूममध्ये चक्कर येऊन पडला. हिरड्यांतून रक्त येत होतं. भावजयीने शेजाऱ्यांची गाडी मिळवली आणि त्याला आमच्या कॉलेजच्याच हॉस्पिटलात आणलं. मी वॉर्डात पोचले तोवर तपासणी झाली होती. डेंग्यूच होता. माझ्या तोंडातून निघालं ते हेच, की प्लेटलेट्स किती आहेत? इतक्या वर्षांच्या नोकरीने माणूस असा होतो.

भावजय मात्र खुशीत होती. ताप उतरला म्हणाली, अंग गार लागतंय, खायलाही मागतोय. चार रात्री जागून काढलेल्या तिच्या चेहऱ्यावर जरा रंग आला होता. पण या आजारात खरा धोका ताप उतरल्यावरच सुरू होतो. रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर पाझरतं, वरच्या आणि खालच्या बीपीतलं अंतर कमी कमी होत जातं, आणि माणूस शुद्धीत असताना, चांगला बोलत असताना हातचा जातो. हा भाग मी वर्गात सावकाश सांगते, म्हणजे मुलींना लिहून घेता येतो.

वॉर्डात त्या दिवशी माझ्याच वर्गाची ड्यूटी होती. चष्मेवाली भावाचं बीपी घेत होती. शंभर आणि ऐंशी. अर्ध्या तासाने अठ्ठ्याण्णव आणि ब्याऐंशी. तिने आकडे लिहिले आणि माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे मलाही कळलं. डॉक्टर तरुण होता, जीव तोडून करत होता. त्याने सलाइनचा वेग बदलला, रक्त मागवलं, अतिदक्षता विभागात खाट मिळते का ते बघायला स्वतः धावत गेला. खाट नव्हती. तिथे आधीच डेंग्यूचे चार पेशंट होते, जानेवारी महिन्यात. मी भावाच्या उशाशी उभी राहून सलाइनचे थेंब मोजत होते, कारण मोजण्याखेरीज मला करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

भावाच्या मात्र मुलींशी गप्पा रंगल्या होत्या. “तुमच्या मॅडमचं नीट ऐकत जा बरं का. आमच्या घरात हिला विचारल्याशिवाय कुणी गोळीसुद्धा घेत नाही.”

मुलींनी माना खाली घातल्या. भावजय पाणी आणायला गेली होती. मला राहवलं नाही. मी त्याच्या कानाशी वाकून म्हटलं, “मी चुकले रे. मी तुला चुकीचं सांगितलं.”

“तू?” तो हसला. दातांच्या कडा लाल दिसत होत्या. “जन्मात एकदा तरी कबूल केलंस. आता बरा झालो की रोज ऐकवेन तुला.”

तीन वाजता बीपीतलं अंतर दहावर आलं. चार वाजता यंत्राला बीपी सापडेना. डॉक्टरने आणि दोन सिस्टरनी मिळून जे जे करायचं ते सगळं केलं, क्रमाने आणि बिनचूक केलं, आणि पाच वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरने हात थांबवले. चष्मेवालीने केसपेपरवर वेळ लिहिली. तिचं अक्षर नेहमीसारखं गोल आणि नीट आलं होतं, आणि मला त्या अक्षराचा भयंकर राग आला.

आठवड्याने ती आरोग्य केंद्रातली सिस्टर कॉलेजात आली. किट हाताशी असून तपासणी का केली नाही, याचा खुलासा आरोग्य खात्याने तिच्याकडे मागितला होता. तिने लिहून आणलेला कागद माझ्यापुढे ठेवला. हंगाम नसल्याने संशय आला नाही, एवढंच त्यात होतं. संशय आला होता, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. मी तिला म्हटलं, माझं नाव घाल, माझ्यामुळे थांबलीस असं लिही. ती म्हणाली, त्याने काय होणार मॅडम, आणि कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. माझ्या हाताखालून नऊशेच्या वर मुली शिकून गेल्या आहेत. कुठली कुठे आहे याची यादी कॉलेजकडेही नाही.

मी प्राचार्यांकडे गेले. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला, माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की परीक्षेला प्रश्न अजून ऋतूंच्या तक्त्यावरच येतो, वरून बदल होईपर्यंत मुलींचे मार्क घालवू नका. त्यांचंही चूक नव्हतं. मी तो नवा धडा पुन्हा पहिल्यापासून घेतला, तीन तास घेतला, कधी शिकवलं नव्हतं तसा शिकवला. शेवटी एकीने भीत भीत विचारलं की पेपरात काय लिहायचं? मी सांगितलं, तक्ता लिहा. तास संपायच्या आधीच मी वर्गाबाहेर पडले.

मग उरली भावजय. ती डासांना बोल लावत होती, कूलरवाल्या लोकांना बोल लावत होती, आरोग्य केंद्राला शिव्या देत होती, आणि मला मात्र जो तो म्हणायचा की तुम्ही होतात म्हणून निदान शेवटी सगळे उपचार तरी मिळाले. मला ते सोसेना. एका रविवारी मी ठरवून तिच्या घरी गेले. ती भावाची हत्यारं एकेक पुसून खोक्यात भरत होती. मी जमिनीवर तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. त्याने मला डेंग्यूबद्दल विचारलं होतं, मी उडवून लावलं, ती गोळीही मीच सांगितली, आणि त्या सिस्टरचा हात माझ्याच नावामुळे थांबला.

ती पाना पुसत राहिली. डोळे वर केले नाहीत.

“मला माहीत आहे, ताई. फोन स्पीकरवर होता. मी तिथेच बसले होते.”

मग तू तेव्हाच काही का बोलली नाहीस, असं मी विचारलं. विचारायला नको होतं, पण माझा स्वभाव तो, विचारून बसले.

“बोलणार होते. घरात डास फार झाले होते. त्या आठवड्यात आम्ही मच्छरदाणी लावून झोपत होतो.” तिने पाना खोक्यात ठेवला. “पण तुम्ही इतकं ठाम बोललात. मला वाटलं, ताईंना आपण काय शिकवायचं.”