खडी कमी पडली

विनिताचं घर मुरुडला, समुद्राच्या वाटेवर. घरापुढचं अंगण ऐसपैस, पण माती इतकी भुसभुशीत की खुर्ची टाकली तरी पाय रुतायचे. लेकीची, मृणालीची, हळद आठवड्यावर आली तेव्हा विनितानं मनावर घेतलं. सगळ्या अंगणात बारीक खडी पसरायची, कडेनं जांभा लावायचा आणि हळदीला वर जाजम अंथरायचं. कोळ्यांची हळद म्हणजे शंभर-दीडशे माणसं रात्रभर नाचणार.

तिनं टेप घेऊन अंगण मोजलं. लांबी चाळीस फूट, रुंदी वीस, थर तीन इंचांचा, म्हणजे पाव फूट. गुणाकार केला तर दोनशे घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे दोन ब्रास. खडी दबते म्हणून वर पाव ब्रास धरली.

"एवढं काय मोजत बसतेस," तिचा नवरा परेश म्हणाला. "चंदर आणेल अंदाजानं."

चंदर म्हणजे परेशचा मावसभाऊ, गावातच राहायचा आणि माणगावहून खडी वाहायचा. त्याचा डंपर दारात आला, तेव्हा विनितानं त्याचाही हौदा मोजला. माप चोख होतं. दुपारपर्यंत खडी पसरून झाली. तिनं ठिकठिकाणी पट्टी खुपसून पाहिली, सगळीकडे तीन इंच.

सकाळी उठून बघते, तर फणसाकडच्या कोपऱ्यात खळगा पडलेला. परातीएवढा, पण चांगला खोल. उरलेल्या पाव ब्रासातली खडी तिथं ओतली, परेशनं वरून धुम्मस मारून ती ठोकून बसवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा खळगा, आता मोठा.

"चंदरनं कमी दिली," परेश म्हणाला.

"मी हौदा मोजलाय. आणि कमी दिली असती तर सगळीकडे कमी पडली असती. एकाच कोपऱ्यात कशी?"

परेश जाळी घेऊन बंदरावर गेला. विनिताला वाटलं, उंदरांनी पोखरलं असेल. तिनं पहार आणली, खळग्याच्या काठावर उकिडवी बसली आणि खडीत खुपसली. खडीखालच्या मातीत ती सहज गेली, मग काहीतरी लागलं. दगडासारखं नाही, लाकडासारखं, ओलं, पोकळ आवाजाचं. तिनं उभं राहून जोर दिला. पहार एकदम हलकी झाली आणि हातातून सुटून खाली गेली.

विनिता रिकाम्या मुठी तशाच धरून उभी राहिली. मग खालून, बरंच खालून, पाण्याचा आवाज आला.

तिला आधी काही कळलंच नाही. आपल्या अंगणात पाणी कुठलं, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. भोकातून खडी सुळसुळत आत जाऊ लागली तेव्हा कुठं पाय हलले. ती मागं सरकली, आणि तेवढ्यात सासरे, दिनानाथ, रोजच्यासारखी खुर्ची उचलून फणसाच्या सावलीकडे येताना दिसले.

"आबा, तिथंच थांबा. पाऊल टाकू नका."

तिचा आवाज इतका हळू होता की तिलाच ऐकू आला नाही. पण चेहरा पाहून म्हातारा थांबला. त्याच्या पावलांपासून चार हातांवर कोपरा बसला. मोठा आवाज झाला नाही. खडी, माती, जांभ्याचे चार चिरे एका दमात खाली गेले आणि गोल, दगडी बांधणीचं काळं तोंड उघडं पडलं. काठाला बोटीच्या जुन्या फळ्यांचे कुजलेले तुकडे लोंबत होते.

दिनानाथांनी खुर्ची खाली ठेवली. बसले नाहीत. ओठ हलत होते.

"विहीर," ते म्हणाले. "मी मुंबयला गोदीत होतो. आलो तवा बापूस बोलला, विहीर बुजवली. बुजवली न्हाय ती. फळ्या टाकून वर माती लोटली." मग फणसाकडे बघत म्हणाले, "मी रोज हितं बसतो गो. मृणालीला मांडीवर घेऊन हितंच बसायचो."

विनिताच्या डोळ्यांपुढं हळदीचा मांडव आला. टेप लावून तिनं स्वतः ठरवलेलं होतं, बँजोवाले फणसाखाली, नाचणारे त्यांच्यासमोर.

निरोप मिळताच परेश बंदरावरून धावत आला. आत डोकावला, बायकोकडे पाहिलं आणि तिथंच मातीत बसला. चंदरला दोष दिल्याचं त्याला आठवत असावं, कारण पहिला फोन त्यानं त्यालाच केला. संध्याकाळपर्यंत विहिरीभोवती दोर बांधले, वर लोखंडी जाळी टाकली. लग्न उरकलं की कठडा बांधायचं ठरलं.

हळद चंदरच्या अंगणात झाली. बायकांनी मृणालीला हळद लावली, गाणी रंगली. सगळ्यांनी विनिताला नाचायला ओढलं. ती गेली, लेकीचा हात धरून दोन पावलं टाकली आणि पायाखालच्या जमिनीकडे बघून थबकली.

"आई, काय झालं?"

"काही नाही," विनिता म्हणाली. पण तिनं मृणालीचा हळदीनं ओला हात सोडला नाही. गाणं संपेपर्यंत दोघी मांडवाच्या कडेला तशाच उभ्या राहिल्या.