परतीचे बाण

"ताई, बाबांचे बाण पुसून उलटे काढायचं म्हणतोय," धाकटा भाऊ फोनवर सहज म्हणाला आणि ताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसऱ्या दिवशी गाडी काढून ती माहेरी हजर.

बाबा हयात असताना होड्या रंगवायचे. डब्याच्या तळाशी उरलेला रंग घेऊन त्यांनी गावाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक पायवाटेवर दगडांवर बाण काढले होते. सगळे गावाकडे वळलेले आणि दगडांच्या पलीकडच्या अंगाला. म्हणजे जाताना एकही दिसायचा नाही, परतताना सगळे दिसायचे. गाव हसायचं. बाबा म्हणायचे, "जाताना वाट दाखवली की माणूस वाटेकडेच बघतो, समुद्र राहून जातो. परतताना मात्र भूक लागलेली असते, अंधारून येतं. तेव्हा दाखवावी."

"ते सगळं ठीक आहे गं," धाकटा म्हणाला. तो हल्ली पाहुण्यांच्या खोल्या चालवायचा. "पण परवा एक जोडपं चुकून कुरणात शिरलं आणि गाईनं त्यांना पिटाळलं, त्याचं काय?"

"आधी चालून बघू, मग ठरवू. मला वाट तोंडपाठ आहे."

रंगाचा डबा घेऊन दोघं निघाली. कड्यावर गुडघाभर गवत होतं आणि खाली तोच फेस, तोच खारट वास. इथंच ती चपला हातात घेऊन बाबांच्या पुढं पळायची आणि बाबा मागून ओरडायचे, "ने कुठंही, मी आहे!" त्या आठवणींच्या नादात ताई शेताकडे वळली आणि घोट्यापर्यंत चिखलात रुतली. तोंडपाठ वाटेची अशी शोभा झाल्यावर दोघंही पोट धरून हसली.

शेतं संपली तिथं हमरस्ता आणि बसथांबा. नोकरीसाठी घर सोडलं तेव्हा ती इथूनच बसमध्ये चढली होती. त्यानंतर कायम स्वतःच्या गाडीनंच आली. चिखल पुसायला ती थांब्यामागच्या दगडापाशी वाकली आणि वाकलेलीच राहिली. दगडावर बाण होता. बाकीचे विटून गेले होते, यावर मात्र रंगाचे थरावर थर होते.

"हा कधी काढला?"

"तू गेलीस त्याच आठवड्यात. दरवर्षी आधी हा रंगवायचे, रंग उरला तर बाकीचे. म्हणायचे, पोरगी एखाद्या दिवशी एकटीच बसनं आली, तेही अंधारात, तर?"

"आणि तू मला कधी बोलला नाहीस?"

"मला वाटलं, येताना तू बघत असशील."

"अरे, मी गाडीनं येते ना!" ताई म्हणाली आणि तिथंच बसून मनसोक्त रडली. धाकट्यानं रंगाचा डबा उघडून ठेवला.

मग तिनं डोळे पुसले. "ब्रश दे. बाकीच्या दगडांवर दोन्हीकडून बाण काढ, पाहुणे जगू देत. याला मात्र तू हात लावायचा नाहीस."

जुन्या बाणावरून तिनं सावकाश ब्रश फिरवला.

"पुढच्या वेळी मी बसनं येणार आहे," ती म्हणाली. "न्यायला येऊ नकोस."