खंजिरीच्या चकत्या

शहादेवने साऊंड कार्डावरची आठ पायांची चिप चिमट्याने अलगद उपसली आणि तिच्या जागी नवी दाबून बसवली. एखादा पाय वाकला तर नाही ना, हे चष्मा कपाळावर चढवून जवळून पाहिलं. काढलेली चिप डबीत टाकली. अशा आणखी काही तिथे आधीच पडल्या होत्या.

"आयका ओ!" दाराबाहेरून मालनबाई ओरडली. "जेवायचं का न्हाई आज?"

त्याने डबीचं झाकण लावलं. मुलगा पवन पुण्याला नोकरीला गेला तेव्हापासून बायकोच्या तोंडी साधा शब्द म्हणून उरला नव्हता. भाजी वाढू का, एवढं विचारायचं तरी ती वसकन अंगावर यायची. आठवडाभर एसटीचं स्टिअरिंग धरायचं आणि सुट्टीला घरी हे. केजच्या त्या दोन खोल्यांत माणूस पळून जाणार कुठे? मग तो या खोलीचं दार लोटायचा आणि कानांवर हेडफोन चढवायचा.

पण तिथेही सुख नव्हतं. संगणकात त्याच्या थोरल्या भावाच्या गायन पार्टीची भीमगीतं होती, पवनने जुन्या कॅसेटवरून उतरवून दिलेली. भाऊ आता नव्हता. त्या पार्टीत खंजिरी वाजवायचा तो शहादेवच. गाण्यात पेटी ऐकू यायची, ढोलकी यायची, भावाचा भरदार गळा यायचा. खंजिरीच्या चकत्यांची छनछन मात्र नाही. कुणी कापसात गुंडाळून ठेवल्यासारखी. "येते की बाबा, चांगली येते," पवन म्हणाला होता. आजकालच्या पोरांना आवाजातलं काय कळतं, म्हणून शहादेवने ते सोडून दिलं होतं.

एसटीत लागण्याआधी त्याने आयटीआयला रेडिओ-टीव्हीचा कोर्स केला होता. दोष कार्डाचाच, हे त्याने ठरवून टाकलं. आधी कपॅसिटर बदलले. मग आवाज वाढवणाऱ्या या चिपा, एकामागून एक. ही शेवटची पवनने कुरिअरने धाडली होती आणि सोबत मेसेज: सगळ्यात तेज हीच आहे, पण जुन्या कार्डाला झेपेल का, सांगता येत नाही.

आज त्याने हेडफोन बाजूला ठेवून स्पीकर जोडले. खंजिरी खोलीभर वाजली पाहिजे. संगणक सुरू केला, आवाजाचं बटण बरंच वर नेलं आणि गाणं शोधू लागला.

दार धाडकन उघडलं. मालनबाई उंबऱ्यात उभी होती. हात भाकरीच्या पिठाने भरलेले, आणि दोन्ही तळवे कानांवर.

"बंद करा ते! काय शिट्टी लावली हाय!"

"कसली शिट्टी? गाणं लावलंच न्हाई अजून."

मालनबाईने स्पीकरकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिचे हात हळूहळू खाली आले. कपाळावरची आठी तशीच राहिली.

न झेपणारी चिप बसवली की कार्ड स्वतःच शिट्टी घालू लागतं, हे शहादेवला माहीत होतं. त्याने बटण खाली फिरवलं. मालनबाईची आठी गेली. वर फिरवलं, तिचे डोळे बारीक झाले, खांदे आखडले. पुन्हा खाली. पुन्हा वर. त्याच्या कानांत पंख्याची घरघर तेवढी होती. तो बायकोचा चेहरा पाहत बटण फिरवत राहिला आणि तीही हलली नाही. अखेर त्याने पिन उपटली आणि खाटेवर बसला.

"कवापासून?"

"पवन गेल्यापासनं ध्यानात आलं." ती बोटांचं पीठ चोळून काढत होती. "तो होता तवर तोच तुमच्याजवळ येऊन सांगायचा सगळं."

"मग मला सांगितलं कावून न्हाई?"

"तुमी गाडी चालिवता. काय सांगू? वरडून वरडून घसा बसला माजा. शेजारणी म्हनत्यात, मालनबाई लई कजाग झाली."

शहादेव तिच्या गळ्याकडे पाहत राहिला.

मागच्या आठवड्यात घाटनांदूरच्या रस्त्यावर उसाचा एक ट्रक एसटीला जवळजवळ घासून पुढे गेला होता. त्याने पुढे जाऊन ट्रक अडवला, ड्रायव्हरची गचांडी धरली. 'हॉर्न द्यायला काय झालं बे?' ट्रकवाला हॉर्न दाबल्याचे हातवारे करून काहीतरी सांगत होता. कंडक्टर म्हाळूने दोघांना सोडवलं आणि आगारात परत येईपर्यंत स्वतः एक अक्षर बोलला नाही. म्हाळू आपल्याच बाजूने चिडलाय, असं शहादेवला वाटलं होतं. गाडीत कॉलेजच्या पोरी दारापर्यंत उभ्या होत्या.

मालनबाई खाटेवर येऊन बसली. तिचे ओठ हलले. चेहऱ्यावर कितीतरी दिवसांत न दिसलेला मऊपणा होता.

"हं," तो म्हणाला.

"काय इचारलं मी?" आता ती ओरडली.

तो तिच्या ओठांकडे पाहू लागला.

"उद्या गाडी नेता का, म्हनून इचारलं."

तो उठून जेवायला गेला. स्टिअरिंग गेलं की काय उरतं, हे दोघांनाही माहीत होतं: झाडलोटीचं हलकं काम, तेही दिलं तर.

सकाळी आगारात गाडी फलाटाला लागलेली होती. दारात तिकिटाचं मशीन घेऊन म्हाळू उभा होता. शहादेवला पाहून त्याने नजर दुसरीकडे वळवली. शहादेव केबिनमध्ये चढला, सीटवर बसला. मागे माणसं चढत होती; एका बाईने तान्हं मूल खांद्यावर घेतलं होतं. त्याने आरशात तिला जागा मिळेपर्यंत पाहिलं. मग किल्ली काढून घेतली आणि खाली उतरला.

"मामा, काय झालं?" म्हाळू जवळ आला.

शहादेवने किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि तो व्यवस्थापकांच्या खोलीकडे निघाला. साहेब मान खाली घालून सह्या करत होते. त्यांनी वर न पाहताच काहीतरी विचारलं.

"साहेब, वर बघून बोला," शहादेव म्हणाला. "मला ऐकू येत न्हाई."