शब्दांच्या जागा

“कात्री,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

“अहो, अजून चित्र कुठे दाखवलंय मी?” समोर बसलेली वाचातज्ज्ञ मुलगी हसली.

झालं होतं असं, की डोक्यामागून सर्जननी कात्री मागितली आणि सिस्टरनी सवयीनं तोच शब्द उच्चारत हात पुढे केला. सारी नोकरी याच सर्जनच्या हातात हत्यारं ठेवण्यात गेलेली. आज आपणच टेबलावर आहोत, कवटी उघडी आहे, हे हाताला कोण सांगणार?

“सिस्टर, आज तुमची ड्यूटी फक्त बोलायची,” सर्जन म्हणाले.

“मग माझ्या जागी उभ्या असलेल्या नव्या नर्सवर खेकसू नका,” सिस्टरनी सुनावलं.

सिस्टरच्या मेंदूतली गाठ नेमकी बोलण्याच्या भागाला चिकटलेली. तो भाग प्रत्येकाच्या मेंदूत जरा इकडेतिकडे असतो, म्हणून पेशंटला जागं ठेवून त्याचा नकाशा काढायचा. विजेचा हलका स्पर्श करायचा आणि चित्राचं नाव विचारायचं. नाव अडलं, की तिथे कापायचं नाही. सिस्टरना हे सगळं पाठ होतं. पण घरी नवऱ्याची दृष्टी गेलेली. रस्त्यातला खड्डा, शेजारणीचे नवे पडदे, सगळं त्यांना बायकोच्या तोंडून दिसायचं. गाठ थोडी राहिली तरी चालेल, पण माझं बोलणं घालवू नका, असं सिस्टरनी सर्जनना बजावलं होतं.

“हे काय?”

“छत्री.”

“हे?”

“शिडी.”

“आणि हे?”

चित्रातली वस्तू कुलपात फिरते, हे सिस्टरना कळत होतं. नाव मात्र येईना. त्या घाबरल्या, अगदी आतून घाबरल्या.

“थांबा, अडलं,” मुलगी म्हणाली. सर्जननी स्पर्श काढला.

“किल्ली,” सिस्टर म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

पुन्हा तिथेच तपासलं, पुन्हा नाव अडलं. सर्जननी तिथे खुणेची चिठ्ठी ठेवली. “गाठीची इथली कड राहू देतो, सिस्टर. तिचं पुढे औषधांनी बघू.”

काही दिवसांनी नवरा खाटेजवळ बसला होता. सूज उतरेपर्यंत शब्द अडखळतील, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. तरी त्यांना राहवेना.

“खिडकीबाहेर काय आहे गं?”

“पांढऱ्या... त्या...” सिस्टर अडल्या.

“ढग?”

“गप्प बसा हो. मला सांगू दे.” बराच वेळ गेला. “चादरी. वाळत घातल्यात.”

नवऱ्यानं खिडकीकडे तोंड वळवलं. “वारा आहे का?”

“आहे. एक चादर चिमट्यातून सुटायला आलीय.”