भीमराज पेंटरने काढलेली माय

चित्रातली बाई मला चहा घेऊन आली.

भिंतीवरच्या तिच्या चित्राला चंदनाचा हार घातला होता, आणि ती स्वतः माझ्यासमोर कपबशी धरून विचारत होती, "साखर कमी तं नाई न मॅडम?" हार घातलेलं माणूस चहा देत नाही, एवढं मला कोणी न शिकवताही कळतं. मी चित्राकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि "छान झालाय" म्हणाले. चहा अजून तोंडाला लावलेलाही नव्हता.

मी दिल्लीच्या एका राष्ट्रीय संग्रहालयात चित्रांची प्रदर्शनं लावते. माहेर यवतमाळचं. यंदाचं प्रदर्शन ट्रक आणि पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांनी काढलेल्या माणसांच्या चित्रांचं होतं, आणि ते व्हावं म्हणून मी आमच्या साहेबांचं भरपूर डोकं खाल्लं होतं. त्यात एक अट माझीच होती, एकाही चित्राखाली 'अज्ञात स्त्री' असं लिहायचं नाही. त्या दोन शब्दांची मला चीड आहे. राजेमहाराजांच्या चित्रांखाली सात पिढ्या लिहितात आणि आमच्या बाया तेवढ्या अज्ञात! पांढरकवड्याचे भीमराज पेंटर आता हयात नाहीत. पण त्यांच्या मुलानं सांगितलं, की बाबांचं सगळ्यात चांगलं चित्र मारेगावकडच्या एका गावात, उकंडाच्या घरी आहे. म्हणून मी इथे आले होते.

उकंडा चाळिशी उलटलेला, कापसाची शेती करणारा उत्साही माणूस. माझा गोंधळ बघून तो हसला.

"थे आमची माय, मॅडम. सुखीबाई. मी वर्षाचा होतो तवा गेली. फोटो एकबी नव्हता, म्हून बापानं भीमराज पेंटरले घरी बोलावलं. माणसं सांगत गेले, पेंटर काढत गेला. अन् हे माही ताई, धुरपताबाई. भाऊजी गेले तवापासून इथंच राह्यते. मायवर गेली पुरी."

असं होय. माझा जीव भांड्यात पडला. लेक आईवर गेली, यात नवल ते काय? उकंडानं हार काढून चित्र खाली उतरवलं आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यानं खसाखसा पुसायला लागला. मी किंचाळलेच. तो घाबरून थांबला. तेवढ्यात कापसाची गाडी गावात आल्याचा फोन आला, आणि तो "आलोच" म्हणत बाहेर पळाला.

मी चित्र उजेडात धरलं. चित्रातल्या बाईच्या डाव्या भुवईतून एक तिरपी खूण गेली होती. धुरपताबाई कपबशी उचलायला वाकली, तर तिच्याही डाव्या भुवईत तीच. आता मात्र माझी मती गुंग झाली. नाक आईकडून येतं, डोळे येतात, पण जखमेची खूण कशी येईल?

"मावशी, ही खूण कसली?"

"विळा लागला होता लहानपणी." तिनं दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "थे मीच आहो, मॅडम. उकंडाले सांगू नका."

ती माझ्यासमोर खालीच बसली. "पेंटरले कोणी धड सांगे ना. कोणी म्हणे नाक असं, कोणी म्हणे तसं. पेंटर वैतागला. मंग आत्या म्हणे, पोरगी मायवर गेली, इलेच बसवा. मायचं लुगडं नेसून मी बसली. अठरा वर्साची होती. त्यानं दिसलं थे काढलं, खुणेसकट. कोणाच्या ध्यानातच नाई आलं."

"पण उकंडाभाऊंना सांगायला काय हरकत आहे?"

"त्याच्यापाशी मायचं दुसरं तोंडच नाई न! परीक्षेले जाताना, लग्नाच्या दिवशी, पोरगी झाली तवा, ह्याच चित्राच्या पाया पडला थो. आता सांगू, का बाबा चित्रात तुही माय नाईच, थे मी आहो?"

आता मी चित्राखालच्या पाटीवर काय लिहायचं? 'सुखीबाई' लिहिलं तर खोटं. 'धुरपताबाई' लिहिलं, तर दिल्लीत चार लोक माझी पाठ थोपटतील आणि इथे एका माणसाची आई जाईल. माझ्या अटीचा मलाच राग आला. 'अज्ञात' लिहिणारे लोक इतके दिवस सुखी का होते, तेही कळलं.

"मग तुमचं नाव लिहू की नको, मावशी?"

"थे मले नाई समजत. पण तुमी चित्राच्या जाणकार आहा, एक सांगा मले." ती जवळ सरकली. "अठरा वर्सं पाहिली मी मायले. पण आता डोळे मिटले का हेच तोंड समोर येते. माहंच. पाहून पाहून मायचं तोंडच पुसून गेलं. माय कोठी गेली, मॅडम?"

अशा वेळी मी कामाला लागते. चित्र प्रदर्शनासाठी न्यायचं तर आधी त्याची तब्येत बघावी लागते. कुठे रंग सुटलाय, कुठे भेग पडलीये. त्यासाठी अंधार करून बाजूनं आडवी बॅटरी मारतात, म्हणजे रंगाचा चढउतार दिसतो. मी दार लावून घेतलं आणि बॅटरी चित्राच्या कडेला धरली.

कपाळ, डोळे, नाक, गाल, सगळा रंग पातळ आणि एकसारखा. भीमराज पेंटरचा हात कुठे अडखळला नव्हता. खालच्या ओठापाशी मात्र रंग एकदम जाड झाला. हनुवटीवर तर थरावर थर होते, मधेच खरवडल्याच्या रेघा, त्यावर पुन्हा रंग.

"हे बघा मावशी. बाकीचा चेहरा एका दमात काढलाय. इथे मात्र पुसून पुसून पुन्हा काढलंय."

धुरपताबाई बघत राहिली. मग एकदम तिनं माझा हात धरला.

"आत्या! आत्या मांगं उभी राहून कावून राह्यली होती. म्हणे, वहिनीची हनुवटी अशी नाई, पुसा. पेंटर पुसे, अन् पुन्हा काढे. आत्या म्हणे, अजून नाई जमलं. मले राग आला होता, का माहं तोंड काय वाईट आहे काय म्हून!"

"म्हणजे इथून खाली तुम्ही नाही."

दिल्लीत हे वाक्य मी इतक्या सहज बोलले नसते. पण समोर दिसत होतं. धुरपताबाईची हनुवटी निमुळती. चित्रातली रुंद, मधोमध खळी असलेली, आणि खालचा ओठ किंचित पुढे आलेला. तिनं एक हात स्वतःच्या हनुवटीवर ठेवला, दुसऱ्या हाताचं बोट चित्रावर. चित्राला हात लावायचा नसतो, हे मी तिला सांगितलं नाही.

"एवढीशीच?" ती म्हणाली. "बस, एवढीशीच राह्यली?"

तेवढ्यात दार ढकलून उकंडा आत आला. "दार काहून लावलं? गाडीवाला थांबून आहे, वजनाले..."

धुरपताबाई उठली. तिनं त्याला खांद्याला धरून उजेडाकडे वळवलं आणि आपला तळवा त्याच्या कपाळापासून नाकापर्यंत आडवा ठेवला. खाली उरला ओठ आणि हनुवटी. ओठ किंचित पुढे. हनुवटी रुंद, मधे खळी.

मी बॅटरी हातात धरून कधी चित्राकडे, कधी त्याच्याकडे बघत होते. हे खरंच तसं होतं, की मला तसं हवं होतं? माझा धंदाच असा, की हवं ते दिसायला लागलं की सावध व्हायचं. पण पोरगी मायवर, पोरगा बापावर, असं घरादारानं एकदा ठरवून टाकल्यावर पोराच्या तोंडाकडे बघणार कोण?

"काय करून राह्यली, ताई?"

"उकंड्या, चित्रात वरतं मी आहो. खालतं माय आहे." तिनं सांगूनच टाकलं, अगदी भाजीचा भाव सांगावा तसं. "लोकांच्या सांगण्यावरून जमलंच नाई. मले बसवलं होतं."

उकंडा तळव्याआडूनच म्हणाला, "म्हंजे मी तुह्या पाया पडत होतो?"

"हाव."

"लग्नाच्या दिवशी बी?"

"हाव म्हटलं न. आता बोल."

"काय बोलू?"

"काई बी बोल. थांबू नको."

बाहेर गाडीवाल्यानं हॉर्न दिला. उकंडा डोळे झाकलेले तसाच उभा होता. "काय बोलू, ताई?" त्यानं पुन्हा विचारलं. "मले तं काईच समजून नाई राह्यलं. कापसाचं बोलू? तूर बी आली आता फुलावर..."

धुरपताबाई त्याच्या हलणाऱ्या हनुवटीकडे बघत रडत होती.

"माय बोलून राह्यली," ती मला म्हणाली. "अजून बोल, उकंड्या."