तिसरा नको

लेलिसे पंधराशे मीटर पळायला लागली की इथियोपियातल्या तिच्या डोंगराळ गावात कुत्रीसुद्धा पाठलाग सोडून द्यायची. पण पोरगी भिडस्त! कुणी आडवं आलं की ही बापडी मागेच राहायची. राजधानीतल्या दोन मोठ्या शर्यती तिनं अशाच घालवल्या आणि प्रशिक्षकांनी कपाळावर हात मारून घेतला. आता अमेरिकेतल्या मिनेसोटातली ही शेवटची संधी. उद्या पहिल्या तिघींत आली तर वर्षभर इथल्या क्लबात सराव, नाहीतर परवाचं विमान आणि पळणं कायमचं बंद.

आणि आयोजकांनी तिला उतरवलं कुठे, तर ईडन प्रेरीला, यामिनीकाकूंच्या घरी! काकू मूळच्या नागपूरच्या. पाहुणा आपल्या पायांनी ताठ उठला तर त्यांना जेवण वाया गेल्यासारखं वाटे.

लेलिसेच्या घरची शिकवण अशी, की ताटात काही टाकायचं नाही. काकूंच्या घरची अशी, की रिकामं ताट दिसलं की वाढायचं. मग काय विचारता! ती ताट चाटूनपुसून साफ करी आणि काकू पुरणपोळी टाकून वर तुपाची धार धरीत. तिसऱ्या पोळीनंतर तिनं काकूंच्या मुलीनं, केयानं, शिकवलेला शब्द हळूच उच्चारला, "नको."

"असं नाही यार!" केया म्हणाली. "पहिला नको काउंटच होत नाही. दुसरा म्हणजे तू लाजतेयस. तिसरा जोरात, ताटावर हात आडवा धरून. तेव्हा कुठे आई बिलीव्ह करते."

मोठ्या माणसावर ओरडायचं? लेलिसेनं चौथी पोळी मुकाट्यानं गिळली.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या फेरीची घंटा झाली तेव्हा ती आतल्या कडेला कोंडली होती. पुढे एक, बाजूला एक ताडमाड मुलगी. "नको," ती पुटपुटली. कोण ऐकतंय! "नको," पुन्हा जरा मोठ्यानं. दोनशे मीटर उरले. परतीचं विमान डोळ्यांपुढे आलं, कालची चौथी पोळी आठवली, आणि हात आडवा करून ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "नकोऽऽ!"

ताडमाड दचकली आणि अर्धं पाऊल बाजूला झाली. तेवढी फट पुरली. लेलिसे तिसरी आली, चौथीपेक्षा जेमतेम नाकभर पुढे.

"अगं बाई," स्टँडमध्ये काकू केयाला म्हणाल्या, "हिला येतं की! मग काल का नाही ओरडली?"

लेलिसे ट्रॅकवर बसून हमसून हमसून रडत होती. इतका आनंद तिला आजवर कधी झाला नव्हता. काकू धापा टाकत आल्या आणि त्यांनी पर्समधून डबा काढला. "अर्धी तरी घे गं."

लेलिसेनं डोळे पुसले, डब्याकडे पाहिलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "नको."

एकदाच म्हणाली. आणि मोठा आ केला.